पहिला फोन घरी यावा म्हणून : किशोरवयातली नशा ओळखायची कशी, रोखायची कशी

‘खुणा कोणत्या, ते सांगा.’ या विषयावर बोलायला बसलं की पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो. खुणांची यादी द्यायला वेळ लागत नाही. दार लावून बसणं, चिडचिड, दुपारपर्यंत झोप, घसरलेले गुण, नवे मित्र, कुणी जवळ आलं की उलटा ठेवलेला फोन. पण ही यादी घेऊन चौदा-पंधरा वर्षांचं मूल असलेल्या कुठल्याही घरात गेलात तर निम्म्या खुणा जुळतील, आणि त्या घरातलं मूल नशेच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नसेल. उलट खरोखर काहीतरी घेणारी कितीतरी मुलं सुरुवातीचे काही महिने वेळेवर घरी येतात, बरे गुण मिळवतात, पाहुण्यांशी गोड बोलतात.

म्हणून या लेखात खुणा आहेत, पण चौथ्या पायरीवर. आधीच्या तीन पायऱ्या गाळून थेट तिथे पोचणारे पालक घरात पोलीस होतात, आणि मूल पुरावे लपवण्यात पटाईत होतं. देखरेख, नियम, गप्पा या सगळ्याचा कस माझ्या मते एकाच प्रसंगी लागतो. रात्री अकरा वाजता एखाद्या पार्टीत मैत्रीण उलट्या करून निपचित पडली आहे, किंवा कुणीतरी तुमच्या मुलाच्या हातावर गोळी ठेवली आहे. त्या वेळी मूल पहिला फोन कुणाला करेल? तो घरी यायला हवा असेल, तर त्याची तयारी मूल दहा-अकरा वर्षांचं असल्यापासून करावी लागते. पंधराव्या वर्षी जाग आली म्हणून सगळं संपलं असं नाही, पण मेहनत जास्त पडते.

वयाचा मुद्दा एवढा मोठा का

मेंदूतला मजा, थरार आणि बक्षिसाकडे ओढ घेणारा भाग किशोरवयात जोरात असतो. ‘थांब, परिणाम काय होईल’ असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पिकत राहतो. याच वयात मेंदू सगळं झपाट्याने शिकतो. गिटार लवकर येते, नवी भाषा लवकर येते आणि निकोटिनची तलफही लवकर लागते.

अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं, की चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी दारू प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले. वयाच्या विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. हा सगळा फरक केवळ वयामुळे पडला असं म्हणता येत नाही. लवकर सुरुवात करणाऱ्या मुलांच्या घरच्या अडचणी, ताण, घराण्यातलं व्यसन यांचाही त्यात वाटा असतो. तरी पालकांच्या हातात येणारी गोष्ट एवढीच की पहिला घोट, पहिला झुरका जितका पुढे ढकलाल तितकं बरं. ‘आयुष्यात कधीच नाही’ हे वचन चौदा वर्षांच्या मुलाकडून मागून फारसं काही साधत नाही. ‘आत्ता नाही’ हे मात्र सांभाळता येतं.

पायरी १ : आधी स्वतःचं घर तपासा

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंधाऱ्या कोपऱ्यात पुड्या विकणारा माणूस येतो. प्रत्यक्षात मुलाच्या हाती लागणारी पहिली वस्तू बऱ्याचदा घरातल्याच कपाटात असते.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी तासभर काढा. औषधांचा डबा उपडा करा. ऑपरेशननंतर उरलेल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या, आजी-आजोबांच्या झोपेच्या गोळ्या, घबराटीवरची औषधं, कोडीनचं खोकल्याचं औषध, एकाग्रतेच्या विकारासाठी दिलेल्या गोळ्या, हे सगळं वेगळं काढा. लागत असतील त्या मोजून कुलपात ठेवा, आकडा लिहून ठेवा. लागत नसतील त्या औषधांच्या दुकानात विचारून योग्य रीतीने टाकून द्या. नुसत्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. दारूच्या बाटल्या घरात असतील तर त्याही कुलपात ठेवा. बाटलीवर पेनाने खूण करण्याची पद्धत जुनी आहे, आणि त्यात पाणी घालण्याची मुलांची पद्धतही तितकीच जुनी आहे. थिनर, चिकट डिंक, स्प्रेचे डबे, व्हाइटनर घरातून हद्दपार करणं शक्य नसतं. पण हे वास घेऊन नशा करण्याचे पदार्थ आहेत, एवढं तरी माहीत असू द्या.

मग स्वतःकडे बघा. हा भाग कुणाला आवडत नाही. ‘आज फार दमलो, एक पेग तर हवाच’ हे वाक्य मूल रोज ऐकत असेल, तर दमलं की प्यायचं असतं हा धडा त्याला मिळाला. तुम्ही पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, केलंत तर उत्तमच. पण मुलाला फ्रिजमधून बाटली आणायला पाठवू नका, पिऊन गाडी चालवू नका आणि कॉलेजातल्या पिण्याचे किस्से पराक्रम म्हणून सांगू नका.

‘बाहेर चोरून पिण्यापेक्षा आमच्यासमोर दोन घोट घेतलेले बरे’ हा समज मात्र मुळातून काढायला हवा. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० किशोरवयीन मुलांचा सहा वर्षं मागोवा घेऊन केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी दारू देण्याने मुलांचं संरक्षण होतं असा कोणताही पुरावा त्यात मिळाला नाही. उलट अशा मुलांना दुसरीकडूनही दारू मिळण्याची शक्यता वाढलेली दिसली. घरातला घोट ही मुलाच्या दृष्टीने परवानगीच असते.

पायरी २ : नियम मोजके, उघड आणि वेळेआधी

नियम प्रसंग घडल्यावर केला की तो शिक्षा वाटतो. म्हणून पहिल्या पार्टीच्या, पहिल्या मुक्कामी सहलीच्या आधी बसा. आईचा एक नियम आणि वडिलांचा दुसरा, असं होऊ देऊ नका. मुलं अशी फट आठवड्यात शोधतात. आजी-आजोबा घरात असतील तर त्यांनाही विश्वासात घ्या, नाहीतर जप्त झालेला पॉकेटमनी मागच्या दाराने परत मिळतो.

नियम साध्या शब्दांत असावा : ‘दारू, सिगारेट, व्हेप (म्हणजे ई-सिगारेट), गांजा, कुणी दिलेली गोळी, यातलं काहीही या वयात चालणार नाही.’ त्याला जोडून चार गोष्टी विचारायच्या. कुठे जातोस, कुणाबरोबर, तिथे मोठं माणूस कोण आहे, आणि परत किती वाजता. ज्या घरी पार्टी आहे तिथल्या पालकांना फोन करायला लाजू नका. मूल म्हणेल, ‘शी, असं कुणाचेच आईबाबा करत नाहीत.’ करतात. फक्त त्यांची मुलं सांगत नाहीत.

नियम मोडला तर काय, हेही आधीच ठरू द्या. परिणाम छोटा, लगेच होणारा आणि तुम्हाला खरोखर अंमलात आणता येईल असा हवा. पुढचे दोन शनिवार बाहेर जाणं बंद, हा परिणाम झाला. ‘घरातून हाकलून देईन’ ही नुसती धमकी, आणि तुम्ही ती अंमलात आणणार नाही हे मुलाला पक्कं ठाऊक असतं.

आता या सगळ्यात माझ्या लेखी सर्वांत मोलाची व्यवस्था. मुलाशी एक सांकेतिक शब्द किंवा चिन्ह ठरवा. ते मेसेजमध्ये आलं की तुम्ही लगेच त्याला फोन करायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, ‘घरी काम आहे, मी न्यायला येतोय.’ मित्रांसमोर मुलाची इज्जत राहते, दोष तुमच्या माथी. तुम्ही जायचं, आणायचं आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. त्याने स्वतः प्यायलेली असली तरीही नाही. बोलणं होईल, पण दुसऱ्या दिवशी, आणि बोलावलं म्हणून शिक्षा मात्र कधीच नाही. हा करार एकदा जरी मोडलात तरी तो फोन पुन्हा येणार नाही.

एकट्या घराने किती पुरं पडायचं, हा प्रश्न रास्त आहे. आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. तिथे पोस्टर लावून भागवलं नाही. शाळाशाळांत दरवर्षी पाहणी होऊ लागली, खेळ, संगीत आणि इतर छंदांसाठी पैसा दिला गेला, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहण्यावर बंधन आलं आणि एकेका शाळेतल्या पालकांनी आपापसांत लेखी करार केले. यातला शेवटचा भाग कुठल्याही वर्गातले पाच-सहा पालक मिळून उद्यापासून करू शकतात. वेळ तीच, नियम तेच, आणि कुणाच्याही घरी मोठं माणूस नसताना पार्टी नाही. मग ‘बाकी सगळ्यांना परवानगी आहे’ हे हत्यार बोथट होतं.

पायरी ३ : भाषण नको, गप्पा

सोफ्यावर समोर बसवून केलेलं पंचेचाळीस मिनिटांचं व्याख्यान मुलं ऐकत नाहीत, सोसतात. त्यापेक्षा गाडीत, चालताना, भांडी पुसताना दोन-तीन मिनिटांचं बोलणं कितीतरी पुढे जातं. शेजारी शेजारी असलं की डोळ्याला डोळा भिडत नाही, आणि अवघड गोष्टी बाहेर येतात.

घाबरवूनही फार काही मिळत नाही. अमेरिकेत १९८३ पासून पोलीस अधिकाऱ्यांनी शाळेत जाऊन धडे देण्याचा ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम गाजला. त्याच्या मूळ स्वरूपाच्या तपासण्या पुढे वारंवार झाल्या तेव्हा मुलांच्या प्रत्यक्ष नशा करण्यावर टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही. ‘एकदा घेतलंस की संपलास’ असं सांगितलेल्या मुलाने तीन मित्रांना मजेत घेताना पाहिलं, की तुमच्या बाकीच्या शब्दांचीही किंमत जाते. त्यामुळे खरं बोला. नशेने सुरुवातीला बरं वाटतं, हेही मान्य करा. तेवढ्याने मूल बिघडत नाही, तुमच्यावर विश्वास मात्र बसतो.

सुरुवात प्रश्नाने करा, पण चौकशीने नको.

‘तुमच्या वर्गात व्हेप ओढणारे आहेत का रे?’
‘सगळेच ओढतात.’
‘सगळे म्हणजे? नावं नको सांगूस. तीस जणांत किती?’
‘...पाच-सहा.’
‘म्हणजे चोवीस जण नाही ओढत. त्यांना कुणी चिडवतं का?’

इथे थांबा. आपल्या वयाची बाकीची मुलं किती नशा करतात याचा मुलांचा अंदाज बहुतेकदा फुगलेला असतो, आणि तो अंदाज त्याच्याच तोंडून खाली आला. पुढचं उद्या.

काही गोष्टींची माहिती मात्र हातात हवी, कारण ती मुलाकडे अर्धवट असते. व्हेप पेनसारखा किंवा पेनड्राइव्हसारखा दिसतो, धुराचा वास येत नाही आणि ‘नुसता फ्लेवर’ म्हणून विकल्या जाणाऱ्यांतही बऱ्याचदा निकोटिन असतं. गांजा ‘नैसर्गिक’ असल्याने निरुपद्रवी ठरत नाही. किशोरवयात नियमित ओढणाऱ्यांत स्मरण आणि लक्ष यांवर परिणाम होतो आणि भ्रम-भास होणाऱ्या मानसिक आजाराचा धोका वाढतो, विशेषतः घराण्यात असा आजार असेल तर. सोशल मीडियावरून किंवा मित्राकडून आलेली गोळी दिसायला हुबेहूब औषधासारखी असली तरी आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. बनावट गोळ्यांत फेंटॅनिल हे अफूच्या जातीचं अतितीव्र वेदनाशामक सापडतं, आणि त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे काही कण, जीव घेऊ शकतात. थिनर-स्प्रे हुंगल्याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू होऊ शकतो. ही अतिशयोक्ती नाही, म्हणून ती आवर्जून सांगा.

नकार कसा द्यायचा याची तालीमही हवी. ‘नाही, मला नको’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण चार मित्र बघत असताना तोंडातून फुटत नाही. तयार वाक्यं मुलालाच बनवू द्या : ‘उद्या मॅच आहे’, ‘आई तोंडाचा वास घेते यार’, ‘मागच्या वेळी मला भयंकर त्रास झाला होता’. खोटं बोलायला शिकवतोय का, असं काहींना वाटेल. मला त्यात वावगं दिसत नाही. तुमच्या नावावर बिल फाडायची मोकळीक द्या.

पायरी ४ : खुणा वाचताना

तुमच्या मुलाची तुलना पुस्तकातल्या यादीशी करू नका, सहा महिन्यांपूर्वीच्या त्याच्याशीच करा. एकटा बदल फारसं काही सांगत नाही. थोड्या आठवड्यांत चार-पाच बदल एकदम आणि घर, शाळा, मित्र अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसले, तर थांबून बघावं. आवडता खेळ अचानक सोडला, जुन्या मित्रांचं नाव निघत नाही, नव्यांची ओळख करून देत नाही, शाळेतून तक्रारी, झोपेचं चक्र उलटं, पैसे किंवा वस्तू गायब, आणि साध्या प्रश्नावर आकांडतांडव.

वस्तू जास्त स्पष्ट बोलतात. सिगारेटचे पातळ कागद, जळलेली फॉइल, भोक पाडलेली बाटली, रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या, चिमुकल्या झिपच्या पिशव्या, रसायनाचा वास मारणारा कापडाचा बोळा, अचानक दप्तरात आलेले डोळ्यांचे थेंब आणि एरवी न वापरला जाणारा उग्र परफ्यूम.

शरीरावरच्या खुणा पदार्थागणिक बदलतात. दारूचा वास आणि जड जीभ सगळ्यांना कळते. तशीच जड जीभ, तसाच झोक, पण वास नाही, असं असेल तर झोपेच्या किंवा घबराटीवरच्या गोळ्यांची शंका घ्यावी. गांजाने डोळे लाल होतात, भूक खवळते, हसू आवरत नाही, काळाचं भान सुटतं. उत्तेजक पदार्थांनी बाहुल्या मोठ्या होतात, जबडा घट्ट आवळला जातो, रात्र-रात्र झोप नाही आणि मग दिवसभर मेल्यासारखी झोप. अफूच्या जातीच्या पदार्थांनी, त्यात तीव्र वेदनाशामक गोळ्याही आल्या, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होतात आणि मूल बसल्या जागी डुलक्या घेतं. हुंगणाऱ्यांच्या नाकातोंडाभोवती पुरळ, कपड्यांवर रंगाचे डाग. व्हेपची खूण पकडणं सर्वांत कठीण आहे. तहान, सततचा कोरडा खोकला, आणि वर्गात तासभर बसलं की अस्वस्थपणा.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशानेही होऊ शकते. नैराश्य, शाळेतली छळवणूक, प्रेमभंग, परीक्षेचा धसका, थायरॉइड, लैंगिक अत्याचार. नशा नाही म्हणून सुटलो, असं या यादीकडे बघून म्हणता येणार नाही. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतं. आधी मन बिघडलेलं असतं, आणि नशा हा मुलाने स्वतःच शोधलेला उपाय असतो.

पायरी ५ : संशय आला

लगेच तुटून पडू नका. पाच-सहा दिवस वहीत नोंद ठेवा : तारीख, वेळ, काय दिसलं. ‘मंगळवार, रात्री साडेनऊ, डोळे लाल, जेवला आणि पुन्हा जेवला’ ही नोंद झाली. ‘मंगळवारी ओढून आला’ हा निष्कर्ष झाला, तो लिहू नका. पुढे डॉक्टरांकडे गेलात तर ही वही दहा चाचण्यांएवढी कामाला येते. जोडीदाराशी बोला आणि एकमत होईपर्यंत मुलासमोर जाऊ नका.

खोली तपासावी का? जिवाला धोका वाटत असेल, म्हणजे बेशुद्ध सापडला, आत्महत्येची भाषा बोलला, सुई दिसली, तर नक्की तपासा आणि तपासल्याचं सांगा. एरवी चोरून डायऱ्या आणि फोन चाळण्याने जे मिळतं त्यापेक्षा जास्त गमावलं जातं. काळजी वाटते म्हणून तुझ्यासमोर दप्तर बघणार, असं सरळ म्हणणं बरं.

घरी लघवीची चाचणी करण्याच्या मी विरोधात आहे. सर्दीच्या औषधातल्या स्यूडोएफेड्रिनमुळे उत्तेजक पदार्थांची, तर खसखशीमुळे अफूची चाचणी चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. हुंगण्याचे पदार्थ आणि बरेच नवे कृत्रिम पदार्थ नेहमीच्या किटमध्ये दिसतच नाहीत. नियमित गांजा ओढणाऱ्याने सोडल्यावरही काही आठवडे चाचणी पॉझिटिव्ह येत राहते, म्हणजे खरोखर सोडलेल्या मुलाला तुम्ही खोटं ठरवाल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनेही पालकांनी घरी अशा चाचण्या करण्याबद्दल सावध राहायला सांगितलं आहे. चाचणी लागलीच तर ती डॉक्टरांनी, मुलाला सांगून, उपचाराचा भाग म्हणून करावी.

पायरी ६ : समोरासमोर

मूल नशेत असताना बोलू नका. त्या वेळी फक्त ते सुरक्षित आहे ना ते बघा. पाहुणे, भावंडं, शेजारी यांच्यासमोरही नाही. तुम्ही स्वतः संतापाने थरथरत असाल तर अजून एक रात्र थांबा.

सुरुवात आरोपाने केली की उत्तर ‘नाही’ हेच येतं. डोळ्यांनी पाहिलेलंच सांगा : ‘तुझ्या जॅकेटमध्ये हा व्हेप सापडला. मी रागावलेय, पण त्याहून जास्त घाबरलेय. मला समजून घ्यायचंय.’ मग गप्प बसा. ही शांतता असह्य होते, तरी ती मुलाला भरू द्या. ‘मित्राचा आहे’ हे उत्तर हमखास येणार. त्यावर वाद घालत बसू नका. ‘असेल. पण तो आपल्या घरात आलाय, तर बोलूया. तू कधी ओढून पाहिलास?’ कुणी दिला, कुठून आणला, हे प्रश्न पहिल्या दिवशी मागे ठेवा. मित्राचं नाव सांगणं म्हणजे मुलाच्या जगात गद्दारी, आणि दार तिथेच बंद होतं. खरे कामाचे प्रश्न वेगळे आहेत. कधी घेतोस, एकटा असताना की सगळ्यांबरोबर, घेतल्यावर काय बरं वाटतं, आणि नको वाटतं असं काही आहे का.

‘एकटा असताना’ या उत्तराकडे विशेष लक्ष द्या. बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात तयार झालेली सहा प्रश्नांची एक छोटी चाचणी डॉक्टर किशोरवयीनांसाठी वापरतात. नशेत असलेल्याच्या गाडीत बसलास का किंवा स्वतः चालवलीस का, ताण घालवायला किंवा चारचौघांत मिसळायला घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावरचं काही विसरलास का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, त्यापायी कधी अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर नीट तपासणी व्हायला हवी असं मानतात. मुलाला पुढे बसवून हे सहाही प्रश्न विचारू नका, उलटतपासणी होईल. कान मात्र या सहा जागी उघडे ठेवा.

एकदाच करून पाहिलेलं मूल आणि रोज सकाळी तलफ लागणारं मूल यांना एकाच तराजूत तोलू नका. पहिल्याला ठरलेला परिणाम, थोडी वाढीव देखरेख आणि बोलणं पुरतं. दुसऱ्याला शिक्षेचा उपयोग नाही, उपचार हवेत. आणि मारहाण दोघांच्याही बाबतीत नाही. मार खाल्लेलं मूल घरातून लांब जातं, आणि लांब कोण वाट बघत असतं ते तुम्हाला माहीत आहे.

जीव धोक्यात असेल तेव्हा

हा भाग दोनदा वाचा आणि मुलालाही वाचायला द्या, कारण प्रसंगी तिथे तुम्ही नसाल, ते असेल.

दारू खूप झाल्यावर हलवून जाग येत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर, ओठ किंवा नखं निळसर, अंग थंडगार, झोपेतच उलटी, झटके. यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल’ या वाक्याने जीव गेले आहेत. शेवटचा घोट घेतल्यानंतरही पोटातली दारू रक्तात उतरत राहते, म्हणजे झोपलेल्याची अवस्था आणखी बिघडू शकते. त्याला कुशीवर झोपवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे घ्या, तोंड किंचित खालच्या बाजूला, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. एकटं सोडू नका. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, चालवणं, घशात बोटं घालणं, यातलं काहीही करू नका.

बाहुल्या टाचणीएवढ्या, घशातून घरघर, श्वास मंद, अशी अवस्था असेल तर अफूच्या जातीच्या पदार्थाची शक्यता धरा. नॅलॉक्सोन, म्हणजे अशा पदार्थांचा असर उतरवणारं औषध, जवळ असेल तर द्या, पण तरीही रुग्णालयात न्याच, कारण त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. उत्तेजक पदार्थानंतर अंग भट्टीसारखं तापणं, छातीत दुखणं, झटके हीसुद्धा धावपळ करण्याचीच लक्षणं.

थिनर किंवा गॅस हुंगणारं मूल दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका, झटापट करू नका. त्या रसायनांमुळे हृदय अतिसंवेदनशील झालेलं असतं आणि घाबरण्या-पळण्याने उसळलेलं ॲड्रेनलिन त्याचे ठोके घातक रीतीने बिघडवू शकतं. शांत आवाजात डबा बाजूला घ्या, खिडक्या उघडा, मुलाला बसवा.

डॉक्टरांना काय घेतलं, किती, केव्हा, हे खरं सांगा. पट्टी किंवा बाटली सापडली तर सोबत न्या.

पायरी ७ : मदत घेताना

पहिलं दार नेहमीच्या डॉक्टरांचं किंवा बालरोगतज्ज्ञांचं असू शकतं, मग गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ आणि समुपदेशक. मुलाला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या, बाहेर थांबा. सुरुवातीच्या टप्प्यावर काही भेटींचं समुपदेशन बऱ्याच मुलांना पुरतं. कुटुंबालाही सोबत घेणाऱ्या उपचारपद्धती किशोरवयीनांत चांगल्या लागू पडतात, म्हणून ‘याला सुधारा, आम्ही पैसे भरतो’ ही भूमिका सोडावी लागेल. नैराश्य, घबराट किंवा एकाग्रतेचा विकार सोबत आहे का, याची तपासणी मागून घ्या. तो तसाच राहिला तर नशा सोडण्याचं कारणच मुलाला सापडत नाही.

रोज भरपूर दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला घरीच कोंडून एकदम बंद करायला लावू नका. त्यात झटके येऊन मृत्यूही होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. जेवणात गुपचूप औषध कालवण्याचे जाहिरातवाले उपायही नकोत. त्यात धोका आहेच, शिवाय कळल्यावर मूल तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही.

दाखल करण्याची वेळ आली तर केंद्रात जाऊन प्रश्न विचारा. पात्र डॉक्टर रोज येतात का? किशोरवयीनांना मोठ्या माणसांपासून वेगळं ठेवता का? पालकांना केव्हा भेटू देता? शिक्षण चालू राहतं का? घरी आल्यानंतरचा पाठपुरावा किती महिने? बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं हे ‘शिस्त’ म्हणून सांगितलं गेलं, किंवा शंभर टक्के हमी मिळाली, तर तिथून उठा.

पुन्हा घेतली तर

बऱ्याच जणांच्या बाबतीत असं होतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यसनसंशोधन संस्थेच्या माहितीनुसार उपचारानंतर पुन्हा नशेकडे वळण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के आहे. दमा किंवा उच्च रक्तदाबाचा त्रास पुन्हा उसळण्याचं प्रमाणही याच्या जवळपास असतं. दम्याचा झटका पुन्हा आला म्हणून आपण रुग्णाला ‘तोंड दाखवू नकोस’ म्हणत नाही.

मध्यंतरी बंद असल्यावर पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेणं फार धोक्याचं असतं. शरीराची सवय मोडलेली असते, आणि अफूच्या जातीच्या पदार्थांत असे मृत्यू होतात. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. हे सांगणं म्हणजे परवानगी देणं नव्हे.

मूल चांगलं असतानाच, डॉक्टरांसमोर, एका कागदावर लिहून घ्या. कोणत्या दिवशी आणि कुणाबरोबर असताना तलफ वाढते, ती आली की आधी कुणाला फोन, पहिल्या चोवीस तासांत घरच्यांनी काय करायचं आणि काय बोलायचं नाही. हे शेवटचं कलम मुलालाच लिहू द्या. तिथे मुलं बहुतेक ‘टोमणे’ लिहितात. कागदाची एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे, एक समुपदेशकाकडे, आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच कागदावर, तिथून निघण्याआधी.